वर फाटक नाही

मानवतच्या बाहेर, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक सहकारी जिनिंग होतं. अकरा हंगामांत तिथं एकदाही आग लागली नव्हती. कापसाच्या धंद्यात ही साधी गोष्ट नव्हे. कापूस पेटला की बंब येईपर्यंत फक्त भिंती उरतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी कुठं ना कुठं एखादं जिनिंग पेटतच असे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एका संस्थेनं सुरक्षेच्या पारितोषिकासाठी लहान कारखान्यांकडून अर्ज मागवले. मॅनेजर बन्सीधर यांनी अर्ज भरला. त्यात ‘आग न लागण्याचे कारण’ असा एक रकाना होता. बन्सीधर मोजकं लिहिणारे गृहस्थ. त्यांनी लिहिलं, ‘फाटकावर सुलाबाई.’

सुलाबाई पंचेचाळिशीची होती. भीमनगरात राहायची. सकाळी आठच्या आधी ती फाटकाच्या डाव्या अंगाला स्टूल टाकून बसायची. उजव्या अंगाला आश्रुबा नावाचा वॉचमन असे. त्यानं पुरुषांना तपासायचं, तिनं बायांना. आत जाणाऱ्याकडं काडीपेटी, बिडी, नाल मारलेली वहाण, ठिणगी पाडणारं काहीही असलं तर ते काढून घ्यायचं, भिंतीवरच्या लाकडी खान्यात ठेवायचं आणि त्या खान्याच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा. संध्याकाळी बिल्ला परत दिला की वस्तू परत.

नवी बाई कामाला लागली की एक गंमत हमखास व्हायची. सुटी झाल्यावर ती फाटकाशी येऊन आपण होऊन हात वर करून उभी राहायची. झडती म्हणजे चोरीची, हेच तिला ठाऊक असायचं.

“नेतीस काय त्याच्याशी मला काय करायचंय?” सुलाबाई म्हणायची. “सकाळी आणतीस काय, ते दाव.”

लहानपणी तिनं एक जिनिंग पेटलेलं पाहिलं होतं. तिच्या आईच्या दंडावर त्या दिवसाचा डाग मरेपर्यंत होता. ती याबद्दल फार बोलत नसे. फक्त तपासताना कुणाला सोडत नसे.

आश्रुबाचं तसं नव्हतं. मजुराचे खिसे तो उलटे करायचा, पण डायरेक्टर आले की स्टुलावरून उठून रामराम घालायचा आणि फाटक सताड उघडायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला हंगामाचा मुहूर्त होता. मशीनच्या पूजेसाठी चेअरमन दत्तराव यांच्या पत्नी कमलबाई ताट घेऊन आल्या. ताटात हळदकुंकू, नारळ, निरांजन, कापूर आणि काडीपेटी.

“बाईसाहेब, काडीपेटी हितं ठेवा,” सुलाबाई म्हणाली.

“अगं, मग दिवा कशानं लावू?”

“हितंच लावा, फाटकाभायेर. आत कापूस हाय.”

“पूजा मशीनची, आन् दिवा फाटकाभायेर?”

“मशीन काय रुसायलंय व्हय?”

आणि तिनं ताटातली काडीपेटी उचलली, खान्यात ठेवली आणि चाळीस नंबरचा बिल्ला कमलबाईंच्या हातात दिला. गुरुजींनी आत न पेटवलेल्या निरांजनानं आरती उरकली. परतताना कमलबाईंची जीप मागच्या रस्त्यानं गेली. बिल्ला त्यांच्याकडं राहिला आणि काडीपेटी खान्यात.

आठ दिवसांत डायरेक्टर मुंजाजीरावांची लेखी तक्रार आली. ‘सदर स्त्रीचे वर्तन उद्धट असून ती नामांतराच्या मोर्चातही जाते. तिला कामावरून कमी करावे. बायांकडे आश्रुबाने लांबून लक्ष ठेवावे.’ सुलाबाईनं पूजेच्या ताटाला हात लावला, हे तक्रारीत कुठंच नव्हतं. तक्रार त्याचीच होती, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, वाचणाऱ्यालाही. दत्तरावांनी तो कागद सभेपुढं ठेवायचा शेरा मारला. डिसेंबर आणि जानेवारीत कोरम भरला नाही. सभा २५ फेब्रुवारीला ठरली आणि सुलाबाईचं प्रकरण विषय क्रमांक सहा झालं.

जानेवारीच्या शेवटी दिल्लीचं पत्र आलं. पारितोषिकाची ढाल मिळाली होती. अर्जात नाव असलेल्या श्रीमती सुलाबाई आणि संस्थेचे चेअरमन, दोघांनी १४ फेब्रुवारीला दिल्लीत हजर राहावं, सोबत विमानाची दोन तिकिटं.

दत्तरावांनी पत्र दोनदा वाचलं. “बन्सीधर, ह्यात माझं नाव दुसरं हाय.”

“हो साहेब.”

“जिला काढायचंय तिला घेऊन मी दिल्लीला जाऊ? विमानानं?”

“सभा परत आल्यावर आहे, साहेब. तोवर ती कामावर आहे.”

सुलाबाईला विषय क्रमांक सहा ठाऊक होता. ती बन्सीधरना म्हणाली, “सभा आधी झाली आस्ती तर संस्थेचं एक तिकीट वाचलं आस्तं.” मग म्हणाली, “माझ्या जागी कोण बसनार हाय?”

“कुणीच नाही.”

“मंजे एकशे वीस बाया काडीपेट्या घेऊन आत.”  त्या दिवसापासून ती आश्रुबाला बायांची तपासणी शिकवायला लागली. आश्रुबा लाजेनं लाल व्हायचा आणि पळायचा.

विमान एका लहानशा विमानतळावरून सुटणार होतं. दत्तराव आणि सुलाबाई एसटीनं तिथं पोचले. ते पुढच्या बाकावर, ती मागच्या. वाटभर बोलणं झालं नाही. एका थांब्यावर दत्तरावांनी तिला चहा पाठवला, तेवढंच.

त्या वर्षांत विमानं पळवल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या, म्हणून विमानाकडं जायच्या दाराशी पोलिसांनी टेबल टाकलेलं होतं. एक हवालदार पुरुषांचे खिसे चाचपत होता, पिशव्यांत हात घालत होता. सुलाबाई आल्यापासून त्याच्याकडंच बघत होती.

“साहेब, हे आत जाताना बगायलेत.”

“मग कवा बगावं?” दत्तराव म्हणाले.

“चोरीचं आस्तं तर भायेर निघताना बगितलं आस्तं. आत जाताना बगायलेत, मंजे आत पेटायजोगं काहीतरी हाय.”

“तसं न्हाई ते. चाकू-पिस्तूल घेऊन बसतेत आन् पायलटला म्हणतेत, आमी म्हणू तिकडं ने.”

“तेच की.”

रांग पुढं सरकली. दत्तरावांचं परीटघडीचं धोतर, कडक टोपी आणि सोनेरी काड्यांचा चष्मा पाहून हवालदार ताठ झाला. “या साहेब. तुमी कशाला रांगेत? या, या.” आणि त्यानं बोटही न लावता त्यांना आत सोडलं. मग तो मागच्या बायांना म्हणाला, “बायांनी सरळ चला.”

सुलाबाई दोन्ही हात आडवे पसरून उभी होती, तिच्या फाटकावर बाया उभ्या राहतात तशी.

“मावशी, चला म्हटलं.”

“मला तपासलं न्हाई.”

“गरज न्हाई.”

“न तपासता कसं कळलं गरज न्हाई ते?”

रांगेत हसू पसरलं. हवालदार आवाज खाली आणून म्हणाला, “बायांना तपासायला बाई लागते, मावशी. आमची बाई रजेवर हाय. बाळंत झाली.”

“पोरगा का पोरगी?”

“पोरगी.”

“चांगलं झालं. पर तिला रजा मंजे समद्या बायांना पास का? ज्याला विमान न्यायचंय त्यानं बायकोच्या पदरात पिस्तूल बांधलं तर?”

पलीकडून दत्तराव दबक्या आवाजात म्हणाले, “सुलाबाई, खामखा तमाशा करू नको. चल मुकाट.”

“तुमालाबी तपासलं न्हाई, साहेब.”

ती हे चिडून म्हणाली नव्हती. आश्रुबाची चूक दाखवताना तिचा आवाज असाच असे. पण सगळ्यांनी वळून दत्तरावांकडं पाहिलं. ब्रीफकेसवाला एक प्रवासी वैतागून म्हणाला, “अहो बाई, विमान सुटेल आमचं!”

“सुटू द्या. आमच्या जिनिंगमंदी आग लागली तर फाटकातनं पळता येतंय. वर फाटक कुठंय?”



गलका ऐकून फौजदार आले. भुजंग नावाचा हा तरुण अधिकारी नुकताच या जागेवर आला होता. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही कोण?”

“फाटकावर आस्ते. मानवतला.”

“पोलिसात?”

“कापसात.”

मग तिनं दोन मिनिटांत सगळं सांगितलं. बिल्ला, खाने, आत जाताना बघायचं, सगळ्यांना बघायचं. भुजंग ऐकत होते आणि त्यांचे कान तांबडे होत होते. ते हवालदाराला काही बोलले नाहीत. दत्तरावांकडं जाऊन म्हणाले, “साहेब, एक मिनिट इकडं यावं लागेल.”

“मला? मी चेअरमन हाय.”

“म्हणूनच, साहेब. तुमचं झालेलं दिसलं की बाकीचे कुरकुरणार नाहीत.”

दत्तराव परत आले. भुजंगांनी स्वतः त्यांचे खिसे बघितले आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. पानाचा बटवा. त्यात वीतभर लांबीचा पितळी अडकित्ता. कोटाच्या आतल्या खिशात ऊस सोलायचा घडीचा चाकू, उघडल्यावर सहा बोटं पातं. शेवटी एक चकचकीत लायटर, जावयानं आखातातून आणलेला.

“हा चाकू कसा काय आला खिशात?” दत्तराव स्वतःशीच म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. तो चाकू गेली सहा वर्षं त्या कोटातच असायचा.

चाकू आणि अडकित्ता भुजंगांनी पाकिटात घातला. “परत आलात की घेऊन जा.” लायटर मात्र परत दिला. विमानात तेव्हा लोक सिगारेट ओढत. सुलाबाईनं लायटर पाहिला. ती त्याबद्दल काही बोलली नाही. दुसरंच बोलली.

“बिल्ला द्या त्यांना.”

“कसला बिल्ला?”

“वस्तू घेतली की बिल्ला द्यावा, साहेब. परत मिळनार म्हणून कळलं की माणूस आपल्या हातानं काढून देतंय. न्हाईतर पुढल्या बारीला लपवतंय.”

भुजंगांनी चिठ्ठी लिहून सही केली आणि दत्तरावांना दिली. मग हवालदाराला म्हणाले, “पहिल्यापासून. सगळे.”

बायांचा प्रश्न राहिला. तिकिटं बघणारी एक मुलगी होती. ती तयार झाली, पण तिला हे काम माहीत नव्हतं. दोन खुर्च्यांवर चादर टाकून आडोसा केला. पहिली सुलाबाई आत गेली. बाहेर आली आणि आडोशाला पाठ करून उभी राहून पुढच्या बायांसाठी सांगत राहिली. “अंबाडा बगा. पदराची गाठ. कमरेची चंची. लेकराचं दुपटं ऱ्हायलं की, पोरी. त्यातच तर ठेवतेत.”

बाया नऊ होत्या. आठव्या बाईच्या गाठोड्यातून विळी निघाली. घडीची, पण चांगली हातभर. आजीबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या.

“आजी, ही विमानात?” भुजंग म्हणाले.

“दिल्लीला विळी मिळत नाही म्हणे. लेक उभ्यानं भाजी चिरते.”

विळीलाही चिठ्ठी मिळाली. सगळं उरकलं तेव्हा पंचवीस मिनिटं उशीर झाला होता. 

विमानात दत्तराव खिडकीशी आणि सुलाबाई त्यांच्या शेजारी. दत्तरावांचा चेहरा उतरला होता. “माझी बेइज्जती केलीस तू चारचौघांत.”

“काय बेइज्जती? चोर म्हणलं का कुनी? चाकू होता, चाकू काढला.”

“माझ्यासारखा माणूस विमान पळवनार हाय का?”

“न्हाई. पर शेजारच्यानं तुमच्या खिशातला काढून घेतला आस्ता तर?”

दत्तरावांनी तोंड खिडकीकडं फिरवलं, आणि त्यांना दिसलं की दार लावायच्या आधी एक जीप थेट विमानापाशी आली आहे. कडक पांढऱ्या कपड्यातले, टोपीवाले एक गृहस्थ उतरले. पायऱ्यांशी उभ्या असलेल्या दोघांनी त्यांना सलाम ठोकला. त्यांच्या हातात सुतळीनं घट्ट बांधलेला पत्र्याचा मोठा डबा होता. टेबल नाही, हवालदार नाही, भुजंग तर आत इमारतीत. गृहस्थ पायऱ्या चढले आणि डबा मांडीवर घेऊन दोन ओळी पुढं बसले.

विमान उडालं. सुलाबाईनं घट्ट डोळे मिटले आणि थोड्या वेळानं उघडले. दत्तराव पुढंच बघत होते.

“सुलाबाई.”

“जी.”

“त्या डब्यात काय आसंल?”

“मला काय ठावं? इचारा.”

“कसं इचारावं? मोठा माणूस दिसायलाय.”

“तुमीबी दिसत हुता.”

 टोपीवाल्यांनी डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. आत काहीतरी खडखडलं. दत्तरावांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“टोपी तर कुनीबी विकत घेतंय,” ते हळूच म्हणाले. “धोतरबी. मला सोडलं मंजे टोपीला सोडलं. अशा टोप्या किती आसतील ह्या विमानात?”

“उठून मोजू का?”

“बस खाली!”

मध्ये टोपीवाल्यांनी सुतळीची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. त्यांनी मागं वळून विचारलं, “कुणाकडं चाकू आहे का हो?” दत्तरावांचा हात सवयीनं कोटाच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. कुणाकडंच चाकू नव्हता. गाठ दातांनी सोडावी लागली. डब्यात बुंदीचे लाडू होते आणि वर लेकीच्या सासरसाठी चांदीचे दोन पेले, तेच खडखडत होते. गृहस्थ मोकळे होते. त्यांनी आजूबाजूला लाडू वाटले. दत्तरावांनी दोन खाल्ले आणि रुमालानं कपाळ पुसलं. फेब्रुवारी होता आणि विमानात गार होतं.

लाडू संपवून सुलाबाईनं विचारलं, “साहेब, ते पेटवायचं यंत्र जिनिंगमंदीबी आसतंय का संगं?”

खोटं बोलायला हीच वेळ होती आणि दत्तराव तसे व्यवहारी होते. पण नुकताच घाम पुसला होता. ते म्हणाले, “आसतंय.”

“कवापासून?”

“दोन वर्सं. आश्रुबा बगत न्हाई.”

सुलाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. “मंजे अकरातली नऊच माझी. दोन वर्सं आग लागली न्हाई ती नशिबानं. ढाल नवाचीच घ्यावी लागंल.”

“तिथं बोलू नको असलं काही,” दत्तराव म्हणाले. आणि जरा वेळानं, “म्हणजे, बोलू नका.”

दिल्लीत मोठा हॉल होता. शाल, पितळी ढाल, फोटो. एका अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं की आपली पद्धत काय. सुलाबाई माईकपुढं म्हणाली, “आत जाताना बगते. समद्यांना बगते.” मग तिनं पहिल्या रांगेतल्या दत्तरावांकडं पाहिलं आणि दुरुस्ती केली. “समद्या बायांना.” दुभाष्यानं दुरुस्ती सोडून दिली. टाळ्या पडल्या. दत्तरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना दुरुस्ती कळली होती.

परतीच्या वाटेवर विमानतळाच्या टेबलाशी दुसऱ्या गावाहून आलेली एक महिला पोलीस उभी होती. दत्तरावांनी चिठ्ठी दाखवून अडकित्ता आणि चाकू घेतला. एसटीत सुलाबाई मागं जाऊन बसायला लागली तेव्हा ते म्हणाले, “हितं जागा हाय की.” ती बसली. पाच तासांत दोघांत तीन-चार वाक्यं झाली असतील. त्यातलं एक सुलाबाईचं होतं. “पंचवीसला सभा हाय न्हवं?” दत्तराव “हाय” म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी. सभेला पाचही डायरेक्टर हजर होते. पहिले पाच विषय वीस मिनिटांत झाले. सहावा निघाला तेव्हा मुंजाजीराव खुर्चीत पुढं सरकले.

“ढाल मिळाली, आनंद हाय. पर तक्रार तक्रारीच्या जागी. त्या बाईनं पूजेच्या ताटाला हात लावायचं कारणच काय?”

“ताटात काडीपेटी हुती,” दत्तराव म्हणाले.

“आसंल. पर हात कुनाचा...” मुंजाजीराव थांबले.

“बोला की पुढं. वाक्य पुरं करा. बन्सीधर लिहून घेतील.”

बन्सीधरांनी पेन टेकवून ठेवलं. मुंजाजीरावांनी पाण्याचा ग्लास उचलला, सगळं पाणी प्यायले आणि ग्लास खाली ठेवला. “उद्धट बोलती, एवढंच माझं म्हणनं हाय.”

“मला तर विमानतळावर भर गर्दीत बोलली. आन् माझ्या कोटातनं सहा बोटं चाकू निघाला.” दत्तरावांनी खिशातून लायटर काढून टेबलावर ठेवला. “हे दोन वर्सं मी हिथं जिनिंगमंदी फिरवतोय. कुनी काढून घेतलं? आश्रुबानं रामराम घातला, मी आत. आज हितं बसलेल्यांपैकी कुनाकुनाच्या खिशात काय हाय?”

 एका डायरेक्टरनं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. नेहमी तिथं काडीपेटी असायची. तिथंच होती.

“आवो, पर डायरेक्टरला तपासायचं मंजे...” मुंजाजीराव म्हणाले. “आपन मालक हाव.”

“काडीला मालक कळत न्हाई. विमानात मी पाऊन तास एका लाडवाच्या डब्याला भ्यालो, मुंजाजीराव. कशापायी? तर त्याला कुनी उघडला न्हवता म्हणून. उघडून बगितला आस्ता तर मी सुखानं झोपलो आस्तो. तपासनी माझ्यावर संशय म्हणून न्हाई. ती माझ्या झोपेसाठी हाय. हे मला वर गेल्यावर कळलं, आन् वर उतरायला फाटक नसतंय.”

बन्सीधरांनी ठराव लिहिला. ‘फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची तपासणी होईल. चेअरमन व डायरेक्टर अपवाद नाहीत. स्त्रियांची तपासणी सुलाबाई करतील. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ चार हात वर झाले. मुंजाजीरावांनी हात वर केला नाही. खालीही घातला नाही. तो अर्धवट टेबलावर राहिला. बन्सीधरांनी ‘सर्वानुमते’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तराव फाटकाशी आले आणि हात पसरून उभे राहिले. आश्रुबा स्टुलामागं गेला.

“माफी असू द्या, साहेब. माझा हात होत न्हाई.”

“आश्रुबा, आतला खिसा आधी,” डाव्या अंगानं सुलाबाईचा आवाज आला. “मग कमर. साहेब मेनाचे न्हाईत, वितळायचे न्हाईत.”

आश्रुबानं डोळे मिटून लायटर काढला. दत्तरावांना चार नंबरचा बिल्ला मिळाला.

ढाल ऑफिसात लावायची होती, म्हणून शनिवारी छोटी पूजा ठेवली. कमलबाई जीपमधून फाटकाबाहेरच उतरल्या. ताटात हळदकुंकू होतं, नारळ होता, निरांजन होतं. काडीपेटी नव्हती. त्यांनी पदराच्या गाठीतून पत्र्याचा बिल्ला काढला आणि सुलाबाईपुढं धरला. चाळीस नंबर.

“माझी वस्तू हाय तुज्याकडं.”

“साडेतीन महिने सांभाळली, बाईसाहेब. दिवसाला यकदा पुसत हुते.” तिनं काडीपेटी त्यांच्या हातात दिली.

“दिवा हिथंच लावायचा न्हवं? आधी सांगितलं आस्तंस तर...”

“सांगितलं हुतं की.”

“सांगितलं हुतंस,” कमलबाई म्हणाल्या आणि हसल्या.

पण काड्या सादळल्या होत्या. पहिली ओढली, गुल उडाला. दुसरी मोडली. तिसरी फुरफुरली आणि विझली. दत्तरावांचा हात सवयीनं खिशात गेला.

“लायटर खान्यात हाय,” आश्रुबा म्हणाला. त्याला आता थोडा जोर आला होता. “बिल्ला द्या साहेब, मग लायटर.”

दत्तरावांनी बिल्ला शोधला. कोटात नाही, बटव्यात नाही. शेवटी टोपीत सापडला. लायटरनं निरांजन पेटलं, तसं वारं सुटलं. कमलबाईंचे दोन्ही हात पदर सावरण्यात गुंतले.

“धर गं ताट जरा. इझंल.”

सुलाबाईनं ताट धरलं आणि वाऱ्याकडं पाठ केली. मुंजाजीराव नारळ घेऊन चार हातांवर उभे होते. ते नारळाच्या शेंडीकडं बघत राहिले. कमलबाईंनी ताट तिच्याच हातात ठेवून फाटकाला कुंकू लावलं, ढालीला लावलं, ओवाळलं. नारळ फुटला. मग सुलाबाईनं फुंकर घालून निरांजन विझवलं, ते ताटासकट बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं आणि कमलबाई आत निघाल्या तशी मध्ये आली.

“बाईसाहेब, पूजा झाली. आता हात वर करा.”